तिसरी बाइक

पहाटे नाशिकच्या द्वारका चौकातून आग्रा रोडला लागणाऱ्या बाइकवाल्यांच्या गटात आता एक तरी गाडी अशी असते, जिच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या असतात आणि चालवणाऱ्याच्या हेल्मेटच्या हनुवटीवर कॅमेरा असतो. या थाटाचं मूळ २००४ सालच्या ‘लाँग वे राउंड’ या टीव्ही मालिकेत आहे. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोहोचले. पडद्यावर दोघे दिसले, पण गाड्या तीन होत्या. तिसऱ्या गाडीवर कॅमेरामन क्लॉडिओ फॉन प्लांटा होता. या प्रवासांची खरी गोष्ट त्या तिसऱ्या गाडीपाशी सापडते.

मोटरसायकलवरून जग फिरणं त्याआधी ९० वर्षं जुनं होतं. कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी १९१२ मध्ये चार सिलिंडरच्या हेंडरसन गाडीवर निघाला आणि १९१३ मध्ये परतला. वाटेत तो मासिकासाठी मजकूर लिहून पाठवायचा. (त्याच १९१३ मध्ये त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके आपला पहिला मूकपट दाखवत होते.) १९३२ मध्ये रॉबर्ट एडिसन फुल्टन डग्लस गाडीवर लंडनहून निघाला. त्याच्याजवळ सिनेमाचा कॅमेरा होता आणि तो हिंदुस्थानातूनही गेला. एकट्याने चित्रण करायचं म्हणजे कॅमेरा तिपाईवर लावायचा, मागे जायचं, गाडी समोरून न्यायची आणि कॅमेरा आणायला पुन्हा परतायचं. दहा सेकंदांच्या दृश्यासाठी तोच रस्ता तीनदा तुडवावा लागतो. १९७३ ते १९७७ या काळात ५०० सीसीच्या ट्रायम्फवर जग फिरलेल्या टेड सायमनने वही आणि पेनावर भर दिला. मॅकग्रेगर आणि बूरमन यांच्यावर त्याच प्रवासाचा मोठा प्रभाव होता, आणि २००४ मध्ये मंगोलियात तो त्यांना प्रत्यक्ष भेटलाही.

२००४ ची आखणी वेगळी होती. निर्माते आणि बाकीची मंडळी दोन चारचाकींतून वेगळी चालायची, बहुतेकदा सरहद्दीवर गाठ पडायची. अधल्यामधल्या रस्त्यावर दोन अभिनेते आणि एक कॅमेरामन एवढेच असत. सुरुवातीला पसंती केटीएमच्या गाड्यांना होती. कंपनीने शेवटी नकार दिला, तेव्हा बीएमडब्ल्यूची आर ११५० जीएस ॲडव्हेंचर आली: दोन आडवे सिलिंडर, चेनऐवजी शाफ्ट, ३० लिटरची टाकी, वजन अडीचशे किलोच्या वर. या जातीची पहिली गाडी १९८० ची आर ८० जी/एस. तिने १९८१ ची पॅरिस-डाकार शर्यत जिंकली होती, म्हणजे दणकटपणा सिद्ध होता. मालिकेनंतर हीच गाडी जगभर ‘साहसी बाइक’ची प्रतिमा ठरली. निवड एका नकारातून झाली होती, हे मात्र पाहणारे विसरले.

आता कॅमेरामनचं काम बघा. पहिल्या प्रयत्नात तो मोटरसायकलच्या परवान्याच्या परीक्षेत नापास झाला होता, म्हणजे रायडर म्हणून तिघांत सर्वांत नवखा. त्याच्याकडे कॅमेरे, टेप, बॅटऱ्या आणि सगळ्यांसारखं सामान. प्रत्येक दृश्यासाठी पुढे निघायचं, उतरून कॅमेरा लावायचा, दोघांना पुढे जाऊ द्यायचं, आवरायचं आणि त्यांना गाठायचं. खराब रस्त्यावर दोघांपेक्षा जास्त वेग आणि जास्त हबके त्याच्याच गाडीच्या वाट्याला. मंगोलियात तिची फ्रेम तुटली. गाडी ट्रकने उलानबातरला गेली आणि त्याच्यासाठी इझ प्लानेता ही टू-स्ट्रोक रशियन गाडी विकत घेतली गेली.

मागची फ्रेम तुटते ती मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे लटकलेल्या वजनामुळे. पेटी जितकी मागे, तितका खड्ड्यातला झटका पट्टीच्या जोडावर जास्त. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत पेट्यांचे स्टँड बनवून घेताना इथेच चूक होते: पेटी पिलियनच्या (मागे बसणाऱ्याच्या) पायाला लागू नये म्हणून वीतभर मागे सरकवतात. जड वस्तू (हत्यारं, पाणी, ट्यूब) खाली आणि पुढे हव्यात, टॉप बॉक्समध्ये फक्त कपडे. दर ५०० किलोमीटरला स्टँडचे बोल्ट हाताने तपासायचे. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर तिथे तडा आहे असंच समजायचं.

वाटेत वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मग ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचे कनेक्टर सोडवायचे, टाकी उतरवायची. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायचा. हे टाळलं तर वेल्डिंगचा करंट एबीएसच्या युनिटमधून वाट काढू शकतो आणि फ्रेम जोडली तरी एबीएस कायमचं जाऊ शकतं. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडून मग वेल्ड आणि वरून पट्टी, नाहीतर तडा वेल्डच्या कडेने पुन्हा धावतो.

सैबेरियात याकुत्स्क-मगदान रस्ता स्टालिनच्या काळात कैद्यांनी बांधलेला, सुमारे २,००० किलोमीटरचा. उन्हाळ्यात नद्या फुगलेल्या, पूल मोडलेले. काही ठिकाणी गाड्या कामाझ ट्रकवर चढवून पलीकडे न्याव्या लागल्या. यावर नंतर बरीच टीका झाली. ती पटण्यासारखी नाही. पाणी हवेच्या फिल्टरच्या तोंडापर्यंत पोहोचणार असेल तर ट्रक हाच योग्य निर्णय. पावसाळ्यात भंडारदऱ्याकडच्या ओहोळांनाही तोच नियम लागतो: आधी चालत जायचं आणि पाणी गुडघ्याच्या वर गेलं तर थांबायचं. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर दाबायचाच नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढायची, प्लग काढून इंजिन फिरवायचं, फिल्टर काढून वाळवायचा. ऑइल दुधाळ दिसलं तर बदलूनच पुढे.

मगदानहून विमानाने अलास्का आणि २९ जुलैला न्यूयॉर्क. सुमारे ३०,००० किलोमीटर. २००६ मध्ये बूरमन डाकार शर्यतीत उतरला आणि हातांच्या दुखापतीमुळे अर्ध्यातच बाहेर पडला. २००७ मध्ये दोघे पुन्हा निघाले, स्कॉटलंडच्या टोकापासून केप टाउनपर्यंत, यावेळी आर १२०० जीएस ॲडव्हेंचरवर. आपल्याकडे एमटीव्हीने ‘रोडीज’ या मालिकेत २००३ मध्येच हीरो होंडाच्या करिझ्मा बाइकवर तरुणांना रस्त्यावर आणलं होतं, पण तिथे स्पर्धा मुख्य होती, रस्ता दुय्यम.

मग मोठा खंड पडला. बूरमनला २०१६ आणि २०१८ मध्ये गंभीर अपघात झाले. २०१९ मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआयाहून लॉस एंजेलिसकडे दोघे निघाले ते हार्ले-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रिक लाइववायरवर. तिची बॅटरी १५.५ किलोवॅट-तासांची. पॅटागोनियाच्या थंडीत पल्ला घटतो, आणि फास्ट चार्जर नसेल तिथे घरच्या प्लगवर अख्खी रात्र जाते. सोबतच्या गाड्याही रिव्हियनच्या इलेक्ट्रिक पिकअप. त्यामुळे दिवसाचा टप्पा रस्त्याऐवजी प्लग ठरवू लागला. २०२५ च्या मालिकेत उलट टोक: मॅकग्रेगरकडे १९७४ ची मोटो गुझी एल्डोराडो, बूरमनकडे १९७३ ची बीएमडब्ल्यू आर ७५/५, म्हणजे कार्बोरेटर आणि काँटॅक्ट पॉइंटचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीचा जमाना.

नाशिकहून स्पितीला किंवा लेहला जाणारे गट आता स्वतःच चित्रण करतात. छोट्या कॅमेऱ्यांमुळे टेपचं ओझं गेलं, पण पुढे जाऊन थांबणं आणि पुन्हा गाठणं तसंच राहिलं. म्हणून कॅमेऱ्याची गाडी गटातली सर्वांत हलकी असावी, तिच्यावर पिलियन नको, आणि तंबू-स्वयंपाकाचं सामान दुसऱ्यांनी वाटून घ्यावं. खडीच्या रस्त्यावर तिच्या टायरचा दाब नेहमीपेक्षा ४-५ पीएसआयने कमी चालेल. त्याहून उतरवला तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चेपून दोन समांतर भोकं पडतात, आणि पंक्चर काढेपर्यंत बाकीचे घाटापलीकडे गेलेले असतात.