म्हातारपण कोणत्या विभागात शिकवायचं?

"शरीर म्हणजे यंत्र, वापरलं की झिजणारच," हे वाक्य शिकल्यासवरल्या लोकांच्याही तोंडी असतं. मला ते पटत नाही. यंत्र स्वतःची दुरुस्ती करत नाही, शरीर जन्मभर करतं. ही दुरुस्ती वयाबरोबर मागे का पडते, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर एका विषयात मावत नाही, म्हणून पदवीला मुख्य विषय कोणताही असो, वार्धक्यशास्त्र 'मायनर', म्हणजे जोडविषय, म्हणून घेता यायलाच हवं.

आधी पेशीत डोकावू. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या सामान्य पेशी साधारण ५० वेळा विभागतात आणि थांबतात. यामागचं एक मोठं कारण गुणसूत्राच्या टोकाशी सापडतं. तिथे डीएनएची टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हापुन्हा येतात. हा भाग म्हणजे टेलोमेअर. डीएनएची प्रत काढणारं पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) शून्यातून सुरुवात करू शकत नाही, त्याला आधी आरएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, लागतो. नंतर हे प्रायमर काढून मधल्या फटी बुजवल्या जातात. पण अगदी टोकाचा प्रायमर निघाला की ती जागा भरायला आधारच उरत नाही, आणि नवी साखळी तेवढी तोकडी राहते. असं प्रत्येक विभाजनात होतं. टेलोमेअर फारच आखूड झाला की पेशीला ते टोक तुटलेल्या डीएनएसारखं भासतं, पी५३ हे प्रथिन सक्रिय होतं, विभाजन रोखणाऱ्या पी२१ या प्रथिनाची पातळी वाढते आणि विभाजन बंद पडतं. अशी पेशी लगेच मरत नाही. ती दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते आणि शेजारच्या धडधाकट पेशींनाही बिघडवते.

टेलोमेअर लांबवणारं विकरही आहे, टेलोमरेज. या संशोधनाला २००९ चं नोबेल मिळालं, आणि 'तारुण्य परत आणणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिरातींना नवा शब्द मिळाला. बहुतेक कर्करोगाच्या पेशी अखंड विभागत राहण्यासाठी हेच विकर वापरतात, ही गोष्ट त्या जाहिरातींत नसते. अशा गोळ्यांवर एक पैसाही घालवू नये.

त्याच नोबेलच्या एक मानकरी एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांनी २००४ मध्ये दीर्घ आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या मातांच्या रक्तपेशी तपासल्या. ज्यांना ताण जास्त जाणवत होता, त्यांचे टेलोमेअर आखूड होते. ताणामुळेच ते आखूड झाले, असं यावरून सिद्ध होत नाही. पण असा प्रश्न सुचायला जीवशास्त्र आणि मानसशास्त्र एका टेबलाशी यावं लागलं, आणि मायनरची खरी गरज मला इथेच दिसते.

म्हातारपणी पडण्याचंच पाहा. स्नायू क्षीण, नजर अधू, झोपेच्या औषधाची गुंगी आणि कठडा नसलेला जिना, हे सगळं एकाच वेळी जुळून येतं. एकदा पडलं की भीती बसते, भीतीपोटी चालणं कमी होतं, स्नायू आणखी क्षीण होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. यातला जिना वास्तुरचनाकाराचा, गुंगी औषधशास्त्राची, भीती मानसशास्त्राची, आणि शुश्रूषेचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न अर्थशास्त्राचा. हे चौघे विद्यार्थिदशेतच एका वर्गात बसले, तर जिन्याचा आराखडा काढतानाच कठड्याची आठवण होईल.