मॉड वेगळी, मर्फी वेगळी

अमेरिकन सिटकॉममधल्या फटकळ, उदारमतवादी बायकांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ती नाही का, गर्भपात केला म्हणून उपराष्ट्राध्यक्ष जिच्यावर घसरले होते?’ नाही हो! अशी कुणी नव्हतीच. मॉड आणि मर्फी या दोन बायकांचं कडबोळं करून लोकांनी ही तिसरी तयार केली आहे.

मर्फी ब्राउन बहुतेकांना माहीत असते, म्हणून तिचं पटकन उरकते. वॉशिंग्टनमधली नावाजलेली टीव्ही पत्रकार, चाळिशीची, दारू सोडून आलेली, सतत सेक्रेटरी बदलणारी. ‘मर्फी ब्राउन’ १९८८ ते १९९८ सीबीएस वाहिनीवर चालली आणि मर्फीचं काम करणाऱ्या कॅन्डिस बर्गनला तिने पाच एमी पुरस्कार मिळवून दिले. २०१८ मध्ये मालिका पुन्हा काढली, ती काढली नसती तरी चाललं असतं.

मॉड तिच्या कितीतरी आधीची. निर्माता नॉर्मन लिअरच्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेत ती आर्चीच्या बायकोची, एडिथची, नात्यातली बहीण म्हणून आजारी घराची शुश्रूषा करायला येते आणि आर्चीशी कडाकडा भांडते. ते इतकं रंगलं की १२ सप्टेंबर १९७२ ला तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली. म्हणजे आपलं मुंबई दूरदर्शन सुरू व्हायच्या बरोबर वीस दिवस आधी. मॉडचं काम बी आर्थरने केलं. तीच पुढे ‘द गोल्डन गर्ल्स’मधली डोरोथी झाली, त्यामुळे मॉडवरच्या निम्म्या लेखांना डोरोथीचा फोटो चिकटवलेला असतो. चेहरा तोच असला तरी बाई वेगळी आहे, एवढं पाहायला काय हरकत आहे?

आता मुख्य घोळ. दोघींना नको त्या वयात, ध्यानीमनी नसताना दिवस जातात. साम्य तिथेच संपतं.

मॉड सत्तेचाळीस वर्षांची. नवरा वॉल्टर चौथा असला तरी घरात आहे, घटस्फोटित मुलगी आणि नातूही तिथेच राहतात. तिला ‘सिंगल मदर’ म्हणणारे कुठली मालिका पाहून आले, देव जाणे. नोव्हेंबर १९७२ मधल्या त्या दोन भागांत मुलगी कॅरल आईला समजावते, की अगं, हे आता कायदेशीर आहे, तुमच्या काळासारखं लपूनछपून करायचं काही राहिलेलं नाही. तिकडे नसबंदीच्या कल्पनेने वॉल्टरची पाचावर धारण बसते. आणि शेवटी रात्री बेडरूममध्ये, एरवी सगळ्या जगाला सुनावणारी ही बाई हळूच नवऱ्याला विचारते, मी बरोबर करतेय ना? तो हो म्हणतो. मॉड गर्भपाताचा निर्णय घेते.

हे ‘सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे शक्य झालं’ असंही छापून येतं, म्हणजे गर्भपाताला अमेरिकाभर मान्यता देणाऱ्या निकालामुळे. तो निकाल जानेवारी १९७३ चा, म्हणजे नंतरचा. पण मॉड राहते न्यूयॉर्क राज्यात, टकाहोला, आणि तिथे १९७० पासून गर्भपाताला परवानगी देणारा कायदा होता. (आपल्याकडचा कायदाही तोवर अमलात आला होता, १ एप्रिल १९७२ पासून.) पहिल्या वेळी इलिनॉय राज्यातल्या दोन टीव्ही केंद्रांनी हे भाग दाखवायला नकार दिला. खरा भडका उडाला ऑगस्ट १९७३ मध्ये, पुन्हा दाखवायची वेळ आली तेव्हा. डझनावारी केंद्रांनी अंग काढून घेतलं, जाहिरातदारही मागे सरले. यात उपराष्ट्राध्यक्ष कुठेही नाहीत.

ते येतात वीस वर्षांनी आणि उलट कारणासाठी. मर्फीच्या पोटातल्या बाळाचा बाप तिचाच घटस्फोटित नवरा, तो जबाबदारी घ्यायला तयार नाही. मर्फी बाळ ठेवते. १८ मे १९९२ ला पडद्यावर मुलगा जन्माला आला आणि दुसऱ्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या भाषणात उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी तिच्यावर तोंडसुख घेतलं. लॉस एंजेलिसच्या दंगली नुकत्याच होऊन गेल्या होत्या आणि कुटुंबव्यवस्था ढासळल्याचा दाखला म्हणून त्यांना ही काल्पनिक बाई सापडली. राग कशाचा? तर बापाशिवाय मूल जन्माला घातल्याचा! गर्भपाताला विरोध करणाऱ्या क्वेल यांच्या पक्षाची यात चांगलीच पंचाईत झाली. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याला मर्फीने मूल ठेवलं याचं कौतुकही करावं लागलं आणि शब्द फिरवताना त्याची तारांबळ उडाली. मर्फीने गर्भपात केला असता तर हा तमाशा झालाच नसता, दुसरा झाला असता. म्हणून म्हणते, दोघींची सरमिसळ केली की गंमतच मरते.

बाकी फरक किरकोळ आहेत. एक मात्र सांगते, कारण त्यासाठीच मला मॉड जास्त आवडते. मर्फी बहुतेक वेळा जिंकते, मॉडला तिची मालिकाच तोंडघशी पाडते. फ्लोरिडा ही कृष्णवर्णीय बाई घरकामाला येते तेव्हा मॉडचा हट्ट, की तू पुढच्या दारानेच यायचं, आमच्या बरोबरीने वागायचं. फ्लोरिडाला मागचंच दार सोयीचं पडतं. मॉडचं समतेवरचं प्रवचन चालू राहतं आणि काम करायला आलेली बाई ते कधी संपतंय याची वाट बघत उभी.