गुलदार बुडवण्याआधी: जहाजांची कृत्रिम रीफ कशी घडत गेली

‘आयएनएस गुलदार’ हे रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. पोलंडमध्ये बांधलेलं, सुमारे ८४ मीटर लांब. ते डिसेंबर १९८५ मध्ये नौदलात आलं आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने ते कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिलं. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ ते बुडवून तिथे कृत्रिम रीफ (समुद्रजीवांना चिकटायला आणि लपायला तळावर तयार केलेला कठीण आधार) आणि पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी ही योजना आहे. जहाज बुडवणं सोपं वाटतं. पण हवं तिथे, सरळ उभं आणि आत माणूस शिरू शकेल असं बुडवणं ही वेगळीच विद्या आहे. तिचे बरेच नियम कुठल्या ना कुठल्या फसलेल्या प्रयोगातून आलेले आहेत.

सुरुवात मासेमारीसाठी झाली. सपाट वाळूच्या तळावर काहीही कठीण टाकलं की त्यावर शिंपले, बार्नॅकल, स्पंज चढतात आणि मागोमाग मासे येतात. अमेरिकेत अलाबामाच्या किनाऱ्यावर १९५३ मध्ये २५० जुन्या मोटारींचे सांगाडे टाकले गेले. मासे आले, पण पातळ पत्रा खाऱ्या पाण्यात थोड्याच वर्षांत गळून गेला. १९७२ च्या एका कायद्याने दुसऱ्या महायुद्धातली निकामी लिबर्टी जहाजं (मालवाहू जहाजं) रीफसाठी राज्यांना देण्याची सोय झाली आणि जाड पोलादाचा जमाना सुरू झाला.

त्याच सुमारास फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे वीस लाख टायर बांधून समुद्रात सोडले होते. बांधणीच्या पोलादी क्लिपा गंजल्या, पट्टे सुटले आणि वादळात टायर जवळच्या जिवंत प्रवाळावर घासत फिरू लागले. ते काढायचं काम अनेक वर्षं चालू राहिलं. पाण्यात हलकी असलेली वस्तू लाटेपुढे टिकत नाही, हा धडा तिथून मिळाला.

१९९० च्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात हेतू बदलला. आता जहाजं गोताखोरांसाठी बुडवली जाऊ लागली. माशांना नुसता सांगाडा पुरतो. माणसासाठी बाहेर पडायची वाट लागते. त्यामुळे दरवाजे आणि हॅच काढून टाकायचे किंवा कायमचे वेल्ड करून बंद करायचे, प्रत्येक कप्प्याला निदान दोन मोठी भोकं ठेवायची, आत उभं राहिलं तरी कुठून तरी बाहेरचा उजेड दिसला पाहिजे, लोंबत्या केबल काढायच्या, असे नियम झाले. ही भोकं पाणरेषेच्या वर, बुडवण्याआधीच कापलेली असतात.

आणि तीच कधी अंगाशी येतात. ‘युकॉन’ ही कॅनडाची जुनी युद्धनौका जुलै २००० मध्ये सॅन डिएगोसमोर नांगरून ठेवली होती. समुद्र खवळला, भोकांतून पाणी आत शिरलं आणि बुडवण्याच्या ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्रीच ती डाव्या कुशीवर जाऊन बसली. तेव्हापासून आतले जिने आडवे आणि भिंती म्हणजे जमीन, त्यामुळे तिच्या आत दिशाभूल पटकन होते.

मे २००२ मध्ये फ्लोरिडात की लार्गोजवळ ‘स्पीगल ग्रोव्ह’चं याहून वाईट झालं. १५५ मीटरचं हे जहाज वेळेआधीच कललं, उलटं झालं आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याबाहेर राहिली. पुढे ते बाजूवर आडवं केलं गेलं, आणि जुलै २००५ मध्ये डेनिस चक्रीवादळाने सुमारे ४० मीटर खोलीवर त्याला सरळ उभं केलं. माणसांना न जमलेलं काम वादळाने करून दाखवलं खरं, पण एवढं धूड लाटा हलवू शकतात हेही त्यातून कळलं.

उलटण्याचं कारण बहुधा एकच असतं. कप्पा अर्धवट भरला की परातीतल्या पाण्यासारखं सगळं पाणी खालच्या बाजूला धावतं, कल वाढतो, आणखी पाणी तिकडेच जातं. शिवाय वर हवा अडकली तर तो कप्पा भरतच नाही. म्हणून तळाजवळचे स्फोटक पट्टे दोन्ही बाजूंना एकाच वेळी उडवतात, आणि हवा निघून जायला वरच्या डेकमध्ये वेगळी छिद्रं ठेवतात. २००९ मध्ये फ्लोरिडात की वेस्टला ‘व्हँडेनबर्ग’ हे जहाज दोन मिनिटांच्या आत सरळ खाली बसलं, ते या हिशेबामुळे.

त्याआधीची सफाई मात्र महिनोन्‌महिने चालली होती. व्हँडेनबर्गमधून दहा टनांहून जास्त ॲस्बेस्टॉस आणि सुमारे २४० किलोमीटर वायर निघाली. इंधनाच्या टाक्या, बिल्जमधलं (जहाजाच्या तळाशी साचलेलं) तेल, तरंगणारं लाकूड-प्लास्टिक हे साफ करायचं, हे उघडच आहे. खरी डोकेदुखी पीसीबीची. ही विषारी रसायनं जुन्या केबलच्या वेष्टनात आणि गॅस्केटमध्ये (सांध्यांतल्या चकत्यांमध्ये) मुरलेली असतात. २००६ मध्ये फ्लोरिडात पेन्साकोलाजवळ ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका बुडवताना तीनशे किलोंहून अधिक पीसीबी आत राहील असा अंदाज होता. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जोखीम तपासून परवानगी दिली, तरी त्यावरचा वाद शमला नाही.

सगळं नीट जमलं तरी आत गाळ साचतोच. इंग्लंडात प्लिमथजवळ ‘सिला’ ही फ्रिगेट (युद्धनौका) २००४ मध्ये भोकं कापून व्यवस्थित बुडवली होती; २००७ मध्ये तिच्या आत दोन गोताखोर दगावले. फिनच्या (पायातल्या वल्ह्यासारख्या पट्टीच्या) एका फटकाऱ्याने गाळ उठतो आणि हातातला हवेचा गेजही दिसेनासा होतो. आत जाणाऱ्याने बाहेर बांधलेली दोरी सोडत जायची आणि एकतृतीयांश हवा संपताच मागे फिरायचं, हा नियम अशा वेळेसाठीच आहे.

आता निवती. तिथे खोली साधारण २०-२२ मीटर. गोताखोरीच्या हिशेबाने ती सोयीची आहे: २० मीटरवर डीकम्प्रेशनचा थांबा (वर येताना शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून मध्येच थांबणं) न घेता सुमारे ४५ मिनिटं राहता येतं, ४० मीटरवर जेमतेम नऊ. पण मालवण-तारकर्लीला येणारे बहुतेक पर्यटक प्रशिक्षण नसलेले असतात आणि त्यांची मर्यादा १२ मीटर. त्यांना जहाजाचा वरचा भागच दिसेल. आत शिरणं हे त्यांचं काम नव्हे.

उथळपणाची दुसरी बाजू पावसाळ्याची. दहा सेकंदांच्या लाटेची लांबी खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर असते आणि तिचा हिसका साधारण त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतो. म्हणजे २० मीटरचा तळ जून ते सप्टेंबर सतत ढवळला जाणार. वाळू जहाजाखालून निघेल, आत गाळ भरेल. त्यातून गुलदारही स्पीगल ग्रोव्हसारखंच सैन्य उतरवणारं जहाज: पोटात रणगाड्यांसाठी लांबलचक मोकळं डेक, म्हणजे पाणी एका बाजूला धावायला आयती जागा. तिथे पाणी कुठून आणि कोणत्या क्रमाने घ्यायचं, हा बुडवण्याच्या आराखड्यातला सर्वात नाजूक भाग ठरेल. त्यानंतर दर ऑक्टोबरला, हंगाम उघडण्याआधी, प्रशिक्षित गोताखोरांनी आधी जहाजाचा कल, तळाची वाळू, सुटलेले पत्रे आणि अडकलेली मासेमारीची जाळी तपासायची आणि मगच मार्गदर्शक दोऱ्या नव्याने बांधायच्या.