टोकनच्या कोडचं ऑडिट: ही पद्धत आली कुठून

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर क्रिप्टो टोकनच्या जाहिरातींसोबत हल्ली एक पीडीएफ फिरते. पहिल्या पानावर तपासणाऱ्या कंपनीचा लोगो, आत रंगीत तक्ते, आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे टोकन चालवणाऱ्या कोडचं, ऑडिट पूर्ण झाल्याची ग्वाही. पाठवणारा भाचा किंवा शेजारी खाली एवढंच लिहितो, 'काका, ऑडिट झालेलं आहे, बिनधास्त घ्या.' आणि काका घेतात.

या शहराचा ऑडिटवर विश्वास असावा हे स्वाभाविक आहे. सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. १९१३ ते १९१७ या काळात देशातल्या कितीतरी बँका बुडाल्या, ही मात्र टिकली. १९१३ च्याच कंपनी कायद्याने कंपन्यांच्या हिशेबांची तपासणी बंधनकारक केली आणि १९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था कायद्याने उभी राहिली. कंपनीचा ऑडिटर भागधारक नेमतात, त्याचं नाव संस्थेच्या यादीत असतं, त्याने डोळेझाक केली तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. टोकनच्या कोडची तपासणी या घराण्यातली नाही. ती प्रोग्रामरांनी, एकेका चोरीनंतर, घाईघाईत उभी केली. तिला जेमतेम दहा वर्षं होताहेत.

इथेरियम हे अनेक संगणकांनी मिळून चालवलेलं व्यवहारांचं जाळं ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालं. त्यावरच्या व्यवहारांची सलग नोंद म्हणजे त्याची साखळी, ब्लॉकचेन. त्यावर कोणीही स्वतःचा प्रोग्राम, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, चढवू शकतो. एकदा चढवला की तो आपोआप चालतो आणि सहसा बदलता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फाबियन फोगेलस्टेलर यांनी टोकनसाठी एक सामाईक साचा सुचवला, तोच पुढे ईआरसी-२० म्हणून रूढ झाला. या साच्यातलं टोकन म्हणजे मुळात एक खतावणी: एका बाजूला पत्ते (म्हणजे खात्यांचे क्रमांक), दुसऱ्या बाजूला शिल्लक, आणि शिल्लक इकडून तिकडे हलवणारी चार-दोन फंक्शन्स. एवढं साधं प्रकरण तपासायचं तरी काय, असंच तेव्हा बहुतेकांना वाटत होतं.

हा समज मोडला 'द डाओ'ने. २०१६ च्या वसंतात या सामूहिक गुंतवणूक निधीत सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, जमा झाले. पैसे काढून देताना त्याचा कोड आधी रक्कम पाठवत असे आणि नंतर शिल्लक कमी करत असे. रक्कम घेणारा स्वतःच एक प्रोग्राम असेल तर? पैसे हातात पडताच, शिल्लक कमी होण्याच्या आत, तो पुन्हा मागणी करतो, मग पुन्हा, मग पुन्हा. या दोषाला रीएन्ट्रन्सी म्हणतात. ९ जूनला पीटर व्हेसेनेस यांनी या प्रकारच्या चुकीबद्दल जाहीर लिहिलं होतं. १२ जूनला डाओच्या बाजूने सांगण्यात आलं की आपल्या निधीला धोका नाही. १७ जूनला सुमारे ३६ लाख इथर बाहेर गेले. पळवलेली रक्कम नियमानुसार काही आठवडे अडकून राहणार होती, तेवढ्या अवधीत २० जुलैला इथेरियमने आपल्या साखळीलाच नवा फाटा फोडला आणि त्यात ती चोरी निष्फळ केली. ज्यांना ते पटलं नाही त्यांची जुनी साखळी आज इथेरियम क्लासिक म्हणून चालते.

माझ्या मते कोड तपासणीचा धंदा खरा इथून सुरू होतो. त्याच वर्षी संशोधकांनी 'ओयेंते' नावाचं साधन बनवून १९,३६६ कॉन्ट्रॅक्ट तपासली आणि त्यांतल्या ८,८३३ मध्ये काही ना काही दोषाची शंका नोंदवली. ओपनझेपेलिनसारख्या गटांनी तपासलेल्या कोडचे तयार तुकडे सगळ्यांसाठी खुले केले. पुढे 'मिथ्रिल', 'स्लिदर' अशी साधनं आली. ती ठरावीक चुका काही मिनिटांत पकडतात, पण कोडचा हेतू त्यांना कळत नाही. त्यासाठी अजूनही माणसालाच ओळ न् ओळ वाचावी लागते.

२०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या अनेक सह्यांनी उघडणाऱ्या वॉलेटमधून (क्रिप्टो ठेवण्याच्या खात्यांतून) जुलैत दीड लाखाहून अधिक इथर चोरीला गेले. कंपनीने दुरुस्ती केली. त्या दुरुस्त कोडमध्ये एक सामाईक भाग मालकाविना उघडा राहिला. नोव्हेंबरमध्ये कोणीतरी स्वतःला त्याचा मालक करून घेतलं आणि तो भाग नष्ट केला. त्यावर अवलंबून असलेल्या ५८७ वॉलेटांमधले पाच लाखांहून अधिक इथर कायमचे गोठले. तपासणीनंतर बदललेली ओळ ही न तपासलेलीच ओळ असते, हा धडा तेव्हाच मिळायला हवा होता.

२२ एप्रिल २०१८ ची ब्यूटीचेन या टोकनची घटना तर मी प्रत्येक नव्या शिकणाऱ्याला वाचायला लावीन. या कॉन्ट्रॅक्टमध्ये बॅचट्रान्सफर नावाचं फंक्शन होतं, एकाच वेळी वीसपर्यंत पत्त्यांना टोकन पाठवण्यासाठी. त्यातली एक ओळ पत्त्यांची संख्या गुणिले प्रत्येकी रक्कम असं एकूण काढते. पुढची ओळ पाठवणाऱ्याकडे तेवढी शिल्लक आहे का ते बघते. हल्लेखोराने दोन पत्ते दिले आणि प्रत्येकी रक्कम दिली २ चा २५५ वा घात, म्हणजे ७७ आकडी संख्या. गुणाकार आला २ चा २५६ वा घात. त्या जागेत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा तो नेमका एकाने जास्त, त्यामुळे उत्तर झालं शून्य. शून्य टोकन तर कोणाकडेही असतातच. तपासणी पार पडली, पाठवणाऱ्याचे शून्य वजा झाले आणि दोन्ही पत्त्यांवर ती राक्षसी रक्कम जमा झाली. वाईट याचं वाटतं की अशी चूक रोखणारा सुरक्षित गणिताचा कोड त्याच फाइलमध्ये हजर होता. पुढच्या ओळींत बेरीज-वजाबाकीला तो वापरलाही होता. फक्त तो एक गुणाकार साधा राहिला. त्यानंतर काही एक्स्चेंजांनी, म्हणजे टोकनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांनी, सगळ्याच ईआरसी-२० टोकनचा भरणा थांबवला. डिसेंबर २०२० मध्ये कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याच्या सॉलिडिटी भाषेची ०.८ आवृत्ती आली आणि असा ओव्हरफ्लो, म्हणजे जागेत न मावणारी संख्या, झाला की व्यवहार आपोआप रद्द होऊ लागला.

याच सुमारास टोकन काढणं फार स्वस्त झालं. बायनान्सची साखळी आली, तयार कोड उचलायचा, नाव बदलायचं, चढवायचं. गर्दीत उठून दिसायला ऑडिटचा शिक्का कामाला आला. तपासणीचे पैसे टोकन काढणाराच देतो आणि कोणत्या फाइली तपासायच्या तेही तोच ठरवतो.

म्हणूनच अहवालात पहिल्यांदा बघायची गोष्ट म्हणजे व्याप्तीचं पान. तिथे फाइलींची नावं असतात आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्ता किंवा कोडच्या आवृत्तीचा लांबलचक क्रमांक असतो. विकलं जाणारं टोकन त्याच पत्त्यावर आहे का, हे इथरस्कॅन किंवा बीएससीस्कॅन या साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर कोणालाही फुकट बघता येतं. मग दोषांचा तक्ता. एखाद्या गंभीर दोषापुढे 'निराकरण' न लिहिता केवळ 'दखल घेतली' असं असेल, तर तो दोष जागेवरच आहे. आणि मालकाचे अधिकार: नवी टोकन छापणं, एखाद्याचा पत्ता अडवणं, विक्री बंद करणं, कोडच बदलणं. हे तांत्रिक दोष नसतात, त्यामुळे अहवालात ते 'केंद्रीकरणाचा धोका' अशा मवाळ मथळ्याखाली येतात आणि वाचणारा ते पान उलटून पुढे जातो.

२०२१ मध्ये स्क्विड गेम मालिकेच्या नावावर काढलेलं टोकन लोकांना विकत घेता येत होतं, पण विकता येत नव्हतं. भाव २,८०० डॉलरपुढे गेला आणि १ नोव्हेंबरला शून्यावर आला. त्या कोडमध्ये चूक नव्हती, तो काढणाऱ्याला हवं तेच करत होता. एप्रिल २०२३ मध्ये मर्लिन या एक्स्चेंजचं ऑडिट झालं, केंद्रीकरणाचा धोका अहवालात नोंदलेला होता, आणि आतल्याच लोकांनी सुमारे १८ लाख डॉलर नेले. त्याआधी मार्चमध्ये युलर फायनान्स या क्रिप्टो कर्जव्यवहाराच्या सेवेतून जवळपास २० कोटी डॉलर गेले होते. युलरची तर एकाहून अधिक नामांकित कंपन्यांनी तपासणी केली होती. दोष सापडला तो नंतर जोडलेल्या एका फंक्शनमध्ये. ते पैसे पुढे बहुतांश परत मिळाले, हा अपवाद.

आपल्याकडे मोठा फटका बसला १८ जुलै २०२४ ला. वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. तिथे टोकनचा कोड नाही, सह्या करणारी माणसं फसली. त्यांनी ज्या व्यवहारावर सही केली त्याने वॉलेटचा ताबाच परक्याकडे गेला. पुण्यातलं गेनबिटकॉइन प्रकरण आणखी वेगळं. दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आमिष होतं आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली. तिथला धोका त्या वचनात होता. कोडची कितीही काटेकोर तपासणी केली असती तरी त्यात तो दिसला नसता.

भारतात नियम वाढले ते एक्स्चेंजांभोवती. बँकांना क्रिप्टो व्यवसायांना सेवा द्यायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आणला. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने हे व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आणि त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. या नोंदणीत ग्राहकाची ओळख आणि व्यवहारांच्या नोंदी येतात. टोकनच्या कोडमध्ये मालकाने स्वतःसाठी कोणते अधिकार ठेवलेत, हे त्यात तपासलं जात नाही. टोकन काढणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदावर बडोद्यातला सीए सही करू शकतो, त्या सहीला कायद्याचं वजनही असतं, पण ती सही ताळेबंदापुरती असते.