प्रसववेदनांचे औषधाविना शमन

बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून औषध, इंजेक्शन किंवा भूल न देता केल्या जाणाऱ्या उपायांचा येथे विचार केला आहे. सोबत, हालचाल, बसण्या-निजण्याच्या स्थिती, कंबर दाबणे, शेक, पाणी आणि श्वासाची लय हे त्यांतील मुख्य उपाय होत. वेदना नाहीशी करणे हा त्यांचा हेतू नसून, बाईला ती झेलता यावी एवढाच असतो. पाठीच्या कण्यात भूल देण्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तो नसतो. त्यामुळे ग्रामीण विदर्भात हे उपाय जोडीला नसतात, बहुधा तेवढेच हाताशी असतात.

प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत गर्भाशय आकुंचन पावते आणि पिशवीचे तोंड ताणले जाऊन सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत उघडते, तेव्हा कळ ओटीपोटातून कमरेत व मांड्यांत उतरते. बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या मणक्याकडे असेल, तर कंबर विशेष भरून येते. भीतीने अंग आखडते आणि तीच कळ अधिक बोचते. चोळण्या-दाबण्याने बरे का वाटते, याचे एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात मिळते. स्पर्शाच्या व दाबाच्या संवेदना मज्जारज्जूच्या पातळीवरच वेदनेच्या संदेशांना काही अंशी अडवतात, असे त्यांचे म्हणणे होते.

या सर्वांत सोबतीचे महत्त्व सर्वाधिक आहे. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचण्यांच्या २०१७ मधील एकत्रित आढाव्यात, प्रसूतीभर कोणीतरी सतत जवळ असलेल्या स्त्रियांना वेदनाशामके कमी लागली आणि त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक राहिले, असे आढळले. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे ही सोबत पूर्वी आपसूक मिळे. घरी माय उशाशी असे, दाई कंबर धरी आणि बाई उठून चार पावले चालू शके. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागल्यावर जिवाचा धोका कमी झाला, हे निर्विवाद आहे. मात्र त्याबरोबर बाई खाटेवर उताणी झाली आणि माय व्हरांड्यात राहिली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सरकारी संस्थांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, आणि खासगीपणाची सोय असेल तेथे पतीलाही येऊ द्यावे, असे ते धोरण आहे. सरकारी प्रसूतिगृहांतील सेवेचा दर्जा सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमानेही त्यावर भर दिला. प्रत्यक्षात दोन टेबलांमध्ये पडदा नसणे एवढ्या कारणावरून सोबतिणीला बाहेर थांबवले जाते. या अडचणीवरचा उपाय फार खर्चाचा नाही.

मेळघाटातील कोरकू आणि भामरागडकडील माडिया स्त्रियांच्या बाबतीत सोबतीण दुभाषीही ठरते, कारण परिचारिकेचे 'आत्ता जोर लावू नको' हे मराठीतले सांगणे ऐन कळेत उमगेलच असे नाही. आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ चालवल्या जाणाऱ्या माहेरघरांत गर्भवतीला दिवस भरण्याआधीच आणून ठेवतात. पावसाळ्यात नाले भरून गावे तुटतात, तेव्हा कळा सुरू झाल्यावरची धावपळ टळते, आणि मुळात ही धास्ती कमी होणे हेही वेदना हलकी करणारेच आहे.

हालचालीविषयी मत स्पष्ट आहे. पहिल्या अवस्थेत उभे राहणाऱ्या, चालणाऱ्या वा बसणाऱ्या स्त्रियांची ही अवस्था आडवे राहणाऱ्यांपेक्षा सरासरी तासाभराहून अधिक कमी होते. कळ आली की खिडकीचे गज किंवा खाटेची कड धरून पुढे झुकावे, कंबर भरली असल्यास गुडघ्या-हातांवर यावे आणि थकवा आल्यास डाव्या कुशीवर निजावे. निंदणी-खुरपणीत दिवस काढणाऱ्या बाईला उकिडवे बसणे शिकवावे लागत नाही. तिला तसे बसू देणेच काय ते बाकी असते.

'लय दुखून रायलं वो माय' असे म्हणत बाईचा हात कमरेकडे जातो, तेथेच दाब द्यायचा असतो. माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडावर तळहाताची टाच टेकवून, कळ चढू लागताच अंगाचा भार हळूहळू त्यावर टाकायचा आणि कळ उतरली की हात सैल सोडायचा. किती जोर हवा, हे बाईच सांगते. काहींना तो नकोसाही होतो. पोटावर मात्र दाब देऊ नये. बाळ लवकर यावे म्हणून वरून पोट ढकलणे किंवा लुगडे आवळून बांधणे घातक आहे. गावात कुणाकडून कळा वाढवण्याची सुई टोचून घेतल्यास गर्भाशय फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

शेकासाठी कोमट पाण्यात पिळलेले फडके पुरते. ते आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावे. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना बाईच शेक झिडकारते आणि कपाळावर ओले फडके मागते, तेव्हा तिचे ऐकावे. पाणी, सरबत, पेज घोटाघोटाने देत राहावी. धोका नसलेल्या प्रसूतीत खाणेपिणे बंद ठेवण्याचे कारण नाही. श्वास नाकाने सावकाश घेऊन तोंडाने लांब सोडावा. पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावल्याने बाई केवळ दमते.

दोन कळांच्या मधेही न थांबणारे दुखणे, अंगावरून रक्त जाणे, पाणमोटेचे पाणी हिरवट असणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा झटका येणे ही कंबर चोळत बसण्याची लक्षणे नव्हेत. अशा वेळी १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्यावे. विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, आढळत असल्याने आणखी एक काळजी घ्यावी लागते. या आजाराच्या बाईचे अंग गार पडू देऊ नये, तिला ओल्या फडक्यात ठेवू नये, पाणी कमी पडू देऊ नये. आणि तिने छातीत किंवा हाडांत दुखते असे सांगितल्यास ती बाळंतपणाची कळ समजून धीर देत न बसता डॉक्टरला लगेच बोलवावे.