माळेतलं हाड आणि शेजारचा स्फटिक

सीझनमध्ये गोव्यातल्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारात गेलात तर हाडाचे मणी आणि मधे जांभळा अ‍ॅमेथिस्ट ओवलेल्या माळा हमखास दिसतात. बघणाऱ्याला वाटतं एक वस्तू जनावराची, दुसरी दगडाची, ह्यांचा काय संबंध? पण हाडाच्या वजनातला साधारण दोन तृतीयांश भाग खनिजच असतो, कॅल्शियम फॉस्फेटचे अतिशय बारीक स्फटिक, आणि ते कोलॅजन ह्या प्रथिनाच्या धाग्यांत घट्ट बसलेले असतात. खनिजामुळे हाड कडक, कोलॅजनमुळे चिवट. कोंबडीचं बारीक हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, खनिज विरघळतं आणि हाड चक्क वाकतं. तेच जाळलंत तर कोलॅजन जातं आणि उरतं ते बोटांनी चुरता येतं.

म्हणून हाडाचं काम करणाऱ्याची खरी मेहनत जाते ती कोलॅजन सांभाळण्यात. नवीन माणूस हाड साफ करायला सरळ खदखदा उकळतो, आणि तिथेच घोळ होतो, कारण जास्त उकळलं की कोलॅजनचं जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं (पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते ह्याच्यामुळेच). ब्लीच तर त्याहून वाईट, ते कोलॅजनच खातं आणि मणी भुसभुशीत होतो. त्यापेक्षा कोमट पाणी, भांड्यांचा साबण, पाणी परत परत बदलायचं आणि चरबी निघेपर्यंत धीर धरायचा, मग पांढरेपणासाठी सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड. चरबी आत राहिली की मणी पिवळा पडतो, वासही येतो. पॉलिश पेपरने घासताना हाड ओलं ठेवा आणि मास्क लावाच, ती धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

माळ घेताना मणी भिंगाखाली धरून बघा. बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसल्या तर हाड खरं, कारण त्या खुणा हाडातल्या बारीक नळ्यांच्या असतात आणि त्या नळ्यांमधून कधीकाळी रक्तवाहिन्या जात होत्या. प्लास्टिकमध्ये हे नसतं. बाजारातलं हाड बहुतेक म्हशीचं असतं, उत्तर प्रदेशातल्या संभलमध्ये तर हा मोठा धंदाच आहे. पण कापलेल्या बाजूवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी दिसली तर तो हस्तिदंत असू शकतो, आणि त्याचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, असली वस्तू अजिबात घेऊ नका.

आता स्फटिक. अ‍ॅमेथिस्ट म्हणजे क्वार्ट्झच, जांभळा रंग येतो आतल्या थोड्याशा लोहामुळे आणि खडकातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे. भट्टीत तापवला की तो पिवळा होतो, आणि 'सिट्रीन' म्हणून विकले जाणारे बरेचसे खडे असेच तापवलेले असतात. क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्स मापावर ७, हाड त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. दोन्ही मणी एकमेकांवर घासले तर ओरखडे हाडावरच पडणार, म्हणून चांगला कारागीर प्रत्येक मण्यानंतर दोऱ्याला गाठ मारतो. समुद्रावरच्या वाळूतही क्वार्ट्झ भरपूर, त्यामुळे बीचवर जाताना माळ काढून ठेवलेली बरी.

मला सगळ्यात भारी वाटते ती वेगळीच गोष्ट. क्वार्ट्झ दाबला की त्याच्यावर विद्युतभार तयार होतो, पिएर आणि जाक क्युरी ह्या भावांनी हे १८८० मध्ये दाखवलं, आणि क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ आजही ह्याच गुणावर चालतं. १९५७ मध्ये जपानच्या फुकादा आणि यासुदा ह्यांनी दाखवलं की सुकं हाडही दाबल्यावर तसंच करतं, आणि तिथे हे काम कोलॅजनचं असतं! ही वीज अगदी किंचित आणि तीही दाब पडला तरच, त्यामुळे गळ्यात नुसत्या लटकणाऱ्या खड्यातून 'एनर्जी' मिळते असं कुणी सांगितलं तर त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हाड हवेतलं पाणी ओढतं आणि त्याला बुरशी धरते, म्हणून माळ कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात ठेवा. सुकवायची म्हणून कडक उन्हात मात्र टाकू नका, हाडाला तडे जातात आणि अ‍ॅमेथिस्टचा रंग फिका पडत जातो.