खाडीतला जलमार्ग आणि नदीतला जलमार्ग: नाव एक, दुखणं वेगळं

गोव्यात बार्ज (माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटी) चालतात मग विदर्भात का नाही, भीमेत का नाही, असं बरेच जण विचारतात. गोंधळ होणं साहजिक आहे कारण २०१६ च्या कायद्याने जे १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरवले त्यात अंबा, मांडवी, झुआरी या खाडीतल्या वाटा पण आहेत आणि भीमा, वैनगंगा-प्राणहिता या आतल्या नद्या पण. कागदावर सगळे सारखेच.

पण खाडीत पाणी समुद्र आणून देतो, दिवसातून दोनदा, फुकट. रायगडात धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या स्टील कारखान्याचा कच्चा माल बार्जने येतो, तिथे पाऊस कमी झाला म्हणून काही अडत नाही, फक्त भरतीचं टायमिंग पाळावं लागतं, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी भरपूर आणि भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या) दिवसांत बेताचं. खाडीचं दुखणं तिच्या तोंडाशी असतं. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा आहे, पावसाळ्यात तिथून बाहेर पडणं धोक्याचं, म्हणून खनिजाच्या बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव बंदर गाठायच्या. शिवाय माल एकाच प्रकारचा असेल तर तोही धोकाच, २०१२ ला गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा नदीत पाणी तेवढंच होतं, भरायला खनिज नव्हतं.

नदीचं गणितच वेगळं. आपल्या पठारावरच्या नद्या पावसावर जगतात, चार महिने पाणी, त्यातही पूर आला की बोट घालायची सोय नाही, आणि पुढे जे उरतं ते धरणात. त्यावर आधी पिण्याचा हक्क, मग शेती, मग कारखाने, आता एप्रिलमध्ये भीमेवरच्या उजनी धरणातून बोटींसाठी पाणी सोडा असं सोलापुरात कोण म्हणू शकेल? मला तरी खरी अडचण हीच वाटते, ड्रेजिंगचा, म्हणजे तळातला गाळ उपसण्याचा, खर्च नंतर. गंगेला तर हिमालयातल्या बर्फाचंही पाणी मिळतं, तरी हल्दिया ते वाराणसी १३९० किमीत २.२ ते ३ मीटर खोली राखायला मारामार होते, कारण गाळ आणि वाळू सरकत राहते, आज खोदलेला चॅनल पुढच्या पुरात भरतो, पुन्हा सर्व्हे, पुन्हा ड्रेजर. फरक्क्याला बराज (नदीवरचा दारांचा बंधारा) आहे म्हणून लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोट पलीकडे नेणाऱ्या कप्प्यातून, जावं लागतं, आणि बिहारमध्ये हाच मार्ग विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्यातून जातो, तिथे मनाला येईल तसा तळ उकरता येत नाही.

म्हणून दोन्हीकडे एकच योजना लावणं मला चूक वाटतं. कोकणातल्या खाड्यांना जेट्टी हव्यात, जेट्टीपर्यंत धड रस्ता हवा, नवे पूल बार्ज खालून जाईल एवढे उंच हवेत. भीमा आणि वैनगंगेबाबत मात्र आधी उन्हाळ्यात पाणी किती उरतं ते मोजावं, आणि पुरेसं नसेल तर सरळ यादीतून नाव काढावं.